वायू-डिटेक्टरचा रीडआउट: सुरुवात चिपपासून करावी की वायूपासून?

अनुनाद (धागाकर्ता)

विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही त्रिस्तरीय जेम डिटेक्टर उभारत आहोत. (जेम म्हणजे दोन्ही बाजूंना तांबे असलेली, बारीक छिद्रांची जाळी; कणाने वायूत सोडलेले इलेक्ट्रॉन तिच्या छिद्रांत अनेक पटींनी वाढतात.) क्षेत्र 10 सेंमी × 10 सेंमी, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे 70:30 मिश्रण, आणि तळाशी एकमेकींना काटकोनात असलेल्या पट्ट्यांचे दोन संच. प्रत्येक संचात 256 पट्ट्या आहेत आणि त्या 400 मायक्रॉनच्या अंतराने बसवल्या आहेत. डिटेक्टरची जुळणी होत आली आहे, त्यामुळे आता पट्ट्यांवरचा सिग्नल वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे रीडआउटचा, निर्णय घ्यायचा आहे.

आमच्या गटातील बहुतेकांचे मत असे की सर्वांत कमी नॉईज (सिग्नल नसतानाही होणारे विद्युत चढउतार) असलेली चिप आधी निवडावी आणि उरलेली रचना तिच्याभोवती करावी. मला हा क्रम पटत नाही. वायूत नेमका किती प्रभार तयार होतो, तो किती वेळात पट्टीवर येतो आणि काय बिघडू शकते, हे ठरल्याशिवाय कमी नॉईज म्हणजे किती कमी, याला काही अर्थच उरत नाही, असे मला वाटते. तरीही माझ्या मतामागे पुरेसे आकडे नाहीत. ज्यांनी असे डिटेक्टर चालवले आहेत त्यांनी नॉईज, पीकिंग टाइम (सिग्नल शिखरावर पोहोचायला लागणारा वेळ), ठिणगीपासून संरक्षण आणि ग्राउंडिंग यांबद्दल सविस्तर लिहावे ही विनंती.

मंदप्रवाह

तुमचा क्रम बरोबर आहे. आकडे मांडून पाहू.

किमान आयनीकरण करणारा कण पहिल्या जाळीच्या वरच्या 3 मिमीच्या ड्रिफ्ट अंतरातून गेला की या मिश्रणात सरासरी तीसच्या आसपास इलेक्ट्रॉन सुटतात. तिन्ही जाळ्यांचा मिळून गेन (इलेक्ट्रॉन किती पट वाढतात तो आकडा) 8000 धरला तर तळाशी सुमारे 2 लाख 40 हजार इलेक्ट्रॉन पोहोचतात, म्हणजे जवळपास 38 फेम्टोकूलॉम. हा प्रभार दोन संचांत निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि प्रत्येक संचात तो साधारण तीन पट्ट्यांवर पसरतो. मधल्या पट्टीच्या वाट्याला त्यातला अर्धा आला असे मानले तर तिथे 60 हजार इलेक्ट्रॉन मिळतात. रीडआउटला हाताळायचा आकडा हाच आहे.

आता नॉईज पाहू. मूळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगाच्या सिलिकॉन ट्रॅकरसाठी बनलेली आणि पुढे अनेक जेम डिटेक्टरांवर वापरली गेलेली एपीव्ही-25 ही चिप घ्या. तिच्या पीक मोडमधला नॉईज सुमारे 270 इलेक्ट्रॉन अधिक इनपुटवरच्या प्रत्येक पिकोफॅरडमागे 38 इलेक्ट्रॉन असा आहे. 10 सेंमी लांबीची पट्टी, तिच्यापासून कनेक्टरपर्यंतचा माग (बोर्डवरची तांब्याची रेघ) आणि कनेक्टर मिळून 20 पिकोफॅरड धरले तर एकूण नॉईज हजार इलेक्ट्रॉनांच्या थोडा वर जातो. म्हणजे मधल्या पट्टीवर सिग्नल नॉईजच्या साठपट आहे. अशा स्थितीत आणखी 200 इलेक्ट्रॉन वाचवणारी चिप शोधण्यात महिने घालवण्यापेक्षा कनेक्टरपर्यंतचा माग दोन सेंटिमीटरने आखूड करणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण नॉईजचा मोठा वाटा चिपच्या आत नसून तिच्या पायाशी लोंबकळणाऱ्या कपॅसिटन्समध्ये आहे.

शेषरेषा

आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. साठपट सिग्नल मिळतो आहे म्हणून नॉईजची चिंता सोडावी, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा खरा अर्थ असा की वायूतला गेन गरजेपेक्षा जास्त आहे.

थ्रेशोल्ड (ज्यावरचाच सिग्नल मोजला जातो ती पातळी) नॉईजच्या पाचपट, म्हणजे 5000 इलेक्ट्रॉनांवर ठेवला असे समजा. आयनीकरणातले चढउतार मोठे असल्यामुळे सरासरीच्या एक तृतीयांश सिग्नल देणाऱ्या घटनाही पकडाव्या लागतात. 8000 गेनला अशा घटनेत मधल्या पट्टीवर 20 हजार इलेक्ट्रॉन येतात, 4000 ला 10 हजार आणि 2000 ला 5 हजार. म्हणजे 4000 पर्यंत आपण निश्चिंतपणे खाली येऊ शकतो, आणि 2000 ला मात्र काठावर पोहोचतो. नॉईज निम्मा असता तर 2000 लाही डिटेक्टर नीट चालला असता. गेन खाली आला की ठिणग्या झपाट्याने कमी होतात, वायूतील अशुद्धींमुळे इलेक्ट्रोडवर साचणारा थर उशिरा साचतो आणि मागे परतणारे आयनही कमी होतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये वाचवलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या मोबदल्यात डिटेक्टरवरचा ताण उतरवता येतो. नॉईज कमी करायचा तो यासाठी.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सर्नमधील ॲलिस प्रयोगाचा टाइम प्रोजेक्शन चेंबर (कणांचा माग तीन मितींत टिपणारा वायू-डिटेक्टर). तिसऱ्या रनसाठी (प्रयोग चालवण्याच्या तिसऱ्या कालखंडासाठी) त्यात तारांच्या जागी चार जेम जाळ्यांचे थर बसवले गेले आणि ते फक्त 2000 च्या आसपासच्या गेनवर चालवले जातात. सॅम्पा या रीडआउट चिपसह पॅडवरचा (पट्टीऐवजी असलेल्या छोट्या तुकड्यावरचा) नॉईज सुमारे 670 इलेक्ट्रॉन इतका खाली ठेवता आला म्हणून ते शक्य झाले. त्या रचनेत नॉईज दुप्पट झाला असता तर गेन वाढवावा लागला असता, ड्रिफ्टच्या जागेत आयनांचा प्रभार साचला असता आणि कणांचे मागच वाकडे दिसले असते.

मंदप्रवाह

शेषरेषा, हा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या मांडणीत यायला हवा होता. तरीही क्रम तोच राहतो: आधी कोणत्या गेनवर चालवायचे हे ठरवावे, मग त्यावरून नॉईजची मर्यादा काढावी आणि शेवटी चिप निवडावी.

तिसरीजाळी

या चर्चेत ठिणगीचा विचार अजून आलेला नाही, आणि माझ्या मते चॅनेल मरतात ते बहुतेक वेळा ठिणगीमुळे.

10 सेंमी × 10 सेंमी जेम जाळी म्हणजे 50 मायक्रॉन जाडीच्या कॅप्टनच्या दोन्ही बाजूंना तांबे असलेला एक कपॅसिटर असतो. त्याचा कपॅसिटन्स 5 नॅनोफॅरडच्या आसपास येतो. त्यावर 400 व्होल्ट असताना 2 मायक्रोकूलॉम प्रभार आणि 0.4 मिलिज्यूल ऊर्जा साठलेली असते. मंदप्रवाह यांनी काढलेला कणाचा सिग्नल 38 फेम्टोकूलॉम आहे. जाळीतला प्रभार त्याच्या सुमारे पाच कोटी पट आहे. ठिणगी जाळीपुरतीच राहिली तर पट्ट्यांना फारसे काही होत नाही, पण ती शेवटच्या जाळीपासून पट्टीपर्यंत पोहोचली तर प्रीॲम्पच्या (चिपमधल्या पहिल्या वर्धकाच्या) इनपुट ट्रान्झिस्टरचा पातळ ऑक्साइड थर टिकण्याची आशा नसते. हवेतून येणाऱ्या रेडॉनचे अल्फा कण प्रत्येक डिटेक्टरमध्ये असतातच. त्यांचे आयनीकरण दाट असते, त्यामुळे एका छोट्या जागेत इलेक्ट्रॉनांची संख्या रादर मर्यादेकडे, म्हणजे ज्यापुढे ठिणगी पडते त्या संख्येकडे, सरकते. म्हणून ठिणगी कधीतरी पडणार असे गृहीत धरूनच रचना करावी.

नेहमीचा उपाय म्हणजे इनपुटवर एकमेकींना उलट जोडलेल्या दोन डायोडची जोडी आणि त्यांच्या आधी किंवा नंतर एक छोटा रेझिस्टर. पण या दोन्हींची किंमत नॉईजमध्ये मोजावी लागते. डायोडने इनपुटवर 2 पिकोफॅरडची भर घातली तर एपीव्ही-25 च्या हिशेबाने 76 इलेक्ट्रॉन वाढतात, ते सोसता येतात. रेझिस्टरचे प्रकरण अधिक नाजूक आहे. 50 ओहमच्या रेझिस्टरचा उष्णतेमुळे होणारा नॉईज दर वर्गमूळ हर्ट्झला 0.9 नॅनोव्होल्ट असतो. इनपुट ट्रान्झिस्टरची ट्रान्सकंडक्टन्स (व्होल्टेज बदलल्यावर धारा किती बदलते याचे माप) 10 मिलिसीमेन्स असेल, तर त्याचा स्वतःचा नॉईजही जवळपास तेवढ्याच रेझिस्टरइतका भरतो. म्हणजे संरक्षणासाठी घातलेला तो एवढासा घटक चिपच्या सर्वांत काळजीपूर्वक रचलेल्या ट्रान्झिस्टरच्या तोडीचा नॉईज आणतो. तरीही मी तो रेझिस्टर घालण्याच्याच बाजूने आहे. दहा-वीस ओहमपासून सुरुवात करावी, आणि बोर्डवर त्याची किंमत बदलता येईल अशी जागा सोडावी.

अर्धवाहक

तिसरीजाळी यांच्याशी सहमत. यात एकच भर घालतो: प्रत्येक जाळीला उच्च व्होल्टेज देताना शेकडो किलोओहम ते मेगाओहमचा रेझिस्टर जाळीच्या अगदी जवळ असावा. तो लांब ठेवला तर मधल्या केबलमध्ये साठलेली ऊर्जाही ठिणगीत उतरते. एका मीटर कोॲक्सियल केबलचा कपॅसिटन्स सुमारे 100 पिकोफॅरड असतो, हे अनेकदा विसरले जाते.

लघुलहर

पीकिंग टाइमबद्दल कोणी बोलेल का? माझ्या समजुतीप्रमाणे तो जितका कमी तितके चांगले, कारण सिग्नल लवकर संपतो आणि पुढच्या कणासाठी चॅनेल मोकळा होतो.

मंदप्रवाह

लघुलहर, दर फार मोठा असेल तेव्हा ते खरे आहे, पण त्यालाही वायूची मर्यादा आहे. शॉकली-रामो प्रमेयानुसार पट्टीवरची विद्युतधारा प्रभार हलत असताना निर्माण होते. प्रभार पोहोचल्यावर नाही. त्यामुळे सिग्नलची लांबी इलेक्ट्रॉनांच्या प्रवासावरून ठरते. या मिश्रणात सेंटिमीटरला 3 किलोव्होल्ट क्षेत्र असताना इलेक्ट्रॉन नॅनोसेकंदाला सुमारे 70 मायक्रॉन सरकतात. 3 मिमीचे ड्रिफ्ट अंतर ओलांडायला त्यांना 43 नॅनोसेकंद लागतात आणि शेवटच्या जाळीपासून पट्टीपर्यंतचे 2 मिमी ओलांडायला आणखी तीसेक नॅनोसेकंद. म्हणजे एका कणाचा सिग्नल 70 नॅनोसेकंद सुरू राहतो.

शेपरचा (सिग्नलला आकार देणाऱ्या परिपथाचा) पीकिंग टाइम 25 नॅनोसेकंद ठेवला, तर शेवटचे इलेक्ट्रॉन येण्याआधीच पहिल्यांचा सिग्नल उतरू लागतो. शिखराची उंची कमी भरते, आणि ती किती कमी भरेल हे प्रत्येक कणाच्या बाबतीत वेगळे असते, कारण इलेक्ट्रॉनांचे गुच्छ वेगवेगळ्या खोलीवर तयार होतात. यालाच बॅलिस्टिक डेफिसिट म्हणतात. दुसऱ्या बाजूने नॉईज पाहा. ट्रान्झिस्टरचा सीरिज नॉईज पीकिंग टाइम वाढला की कमी होतो आणि कपॅसिटन्सबरोबर वाढतो, तर गळतीच्या धारेचा पॅरलल नॉईज पीकिंग टाइमबरोबर वाढतो. सिलिकॉन सेन्सरमध्ये गळतीची धारा असते म्हणून तिथे या दोहोंचा तोल साधावा लागतो. जेमच्या पट्टीत गळती जवळपास नसते, त्यामुळे नॉईजच्या दृष्टीने 100 किंवा 200 नॅनोसेकंदांपर्यंत थांबणे फायद्याचेच ठरते. वैश्विक किरणांवर चालणाऱ्या डिटेक्टरला मोठा दर पेलायचा नसतो. तिथे घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

शेषरेषा

म्हणूनच सर्नच्या ॲटलास प्रयोगातील न्यू स्मॉल व्हील या म्यूऑन-डिटेक्टरसाठी बनलेली व्हीएमएम ही चिप मला या कामासाठी अधिक योग्य वाटते. तिच्यात 64 चॅनेल आहेत, पीकिंग टाइम 25, 50, 100 किंवा 200 नॅनोसेकंद असा निवडता येतो, आणि गेनही फेम्टोकूलॉममागे 0.5 पासून 16 मिलिव्होल्टपर्यंत बदलता येतो. एपीव्ही-25 सिलिकॉनसाठी बनली असल्यामुळे सुमारे 25 हजार इलेक्ट्रॉनांचा सिग्नल हे तिचे नेहमीचे एकक आहे. मधल्या पट्टीवर सरासरीनेच 60 हजार येत असतील, तर मोठ्या घटनांमध्ये ती संपृक्त होते आणि प्रभाराच्या गुरुत्वमध्यावरून जागा काढताना चूक होते. सर्नच्या कम्पास प्रयोगात याच अंतराने बसवलेल्या पट्ट्यांवर एपीव्ही-25 वापरून 70 मायक्रॉनच्या आसपास अचूकता मिळाली आहे, त्यामुळे ती चिप अयोग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तिथेही गेन मर्यादेत ठेवणे हाच उपाय आहे.

दीर्घतार

विषय थोडा बाजूला नेतो, पण याच सूत्राला धरून. जेममध्ये पट्टीला फक्त इलेक्ट्रॉन दिसतात, कारण आयन जाळीतच अडतात. तारांच्या चेंबरमध्ये स्थिती अगदी उलट असते. 1968 मध्ये जॉर्ज शार्पाक यांनी मल्टीवायर प्रपोर्शनल चेंबर मांडला, तेव्हापासून त्या डिटेक्टरांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा अर्धा कस आयनांच्या शेपटीशी झगडण्यात लागला आहे. गुणन तारेच्या अगदी जवळ होते, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा प्रवास क्षुल्लक असतो आणि सिग्नलमध्ये त्यांचा वाटा काही टक्क्यांचाच असतो. बाकीचा सिग्नल दूर सरकणाऱ्या आयनांमुळे येतो. तो सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग कित्येक मायक्रोसेकंद रेंगाळतो. ही शेपटी कापायला शेपरच्या आधी वेगळा फिल्टर लागतो. ॲलिसच्या म्यूऑन स्पेक्ट्रोमीटरसाठी कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये रचलेली मानस ही 16 चॅनेलची चिप वायू-डिटेक्टरसाठीच बनवली गेली होती. सिलिकॉनची चिप उचलून तारांच्या चेंबरला जोडली की प्रत्येक मोठ्या सिग्नलमागे बेसलाइन (सिग्नलची शून्य पातळी) लांबवर ढळलेली दिसते, आणि मग दोष चिपचा की डिटेक्टरचा यावर वाद होत राहतात.

लघुलहर

जेममध्ये अशी शेपटी नसतेच का?

शेषरेषा

पट्टीवर आयनांची शेपटी नगण्य असते, पण दुसरी एक अडचण येते. शेवटच्या जाळीची खालची बाजू सर्व पट्ट्यांना कपॅसिटन्सने जोडलेली असते. मोठा प्रभार तिथून बाहेर पडला की जाळीचे व्होल्टेज किंचित हलते, आणि ज्या पट्ट्यांवर काहीच आलेले नाही त्यांवरही उलट दिशेचा छोटा सिग्नल उमटतो. ॲलिसच्या टाइम प्रोजेक्शन चेंबरमध्ये शिसे-शिसे टकरींचा दर सेकंदाला 50 हजार ठेवायचा आहे, म्हणजे सरासरी दर 20 मायक्रोसेकंदांना एक टक्कर. इलेक्ट्रॉनांना 2.5 मीटर ड्रिफ्ट व्हायला सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे एका वेळी साधारण पाच टकरींचे माग एकमेकांवर चढलेले असतात आणि पाच लाखांहून अधिक पॅड अखंड वाचावे लागतात. इतक्या गर्दीत हा सामायिक सिग्नल दुर्लक्षून चालत नाही, तो एफपीजीएमध्ये (पुन्हा रचता येणाऱ्या डिजिटल चिपमध्ये) चालता चालता वजा केला जातो. वैश्विक किरणांच्या दराला हा त्रास जाणवणार नाही, पण किरणोत्सारी स्रोत लावून दर वाढवलात की दिसू लागेल.

पळवेळ

वेळेच्या मोजमापाबद्दल विचारतो. 25 पिकोसेकंदांचे टीडीसी (वेळ आकड्यांत मोजणारे परिपथ) वापरले तर कणाची वेळही अचूक मिळेल ना?

मंदप्रवाह

मिळणार नाही, आणि यात इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नाही. या वायूत सेंटिमीटरला सुमारे 30 गुच्छ तयार होतात, म्हणजे दोन गुच्छांमध्ये सरासरी 0.33 मिमी अंतर असते. जाळीला सर्वांत जवळचा गुच्छ कुठे तयार होईल हे निसर्गावर सोपवलेले असते, आणि ती अनिश्चितता वेळेत मांडली तर जवळपास 5 नॅनोसेकंद होते. प्रत्यक्षात 70:30 मिश्रणात त्रिस्तरीय जेमची अचूकता 10 नॅनोसेकंदांच्या आसपास मिळते, आणि कार्बन टेट्राफ्लोराइड असलेल्या जलद मिश्रणात ती 5 पर्यंत येते. ज्या डिटेक्टरमध्ये गुणन पहिल्या क्षणापासूनच सुरू होते, त्या अनेक फटींच्या रेझिस्टिव्ह प्लेट चेंबरमध्ये 50 पिकोसेकंद मिळतात. 25 पिकोसेकंदांचे टीडीसी तिथे शोभते. जेमला 1 नॅनोसेकंदाची मोजपट्टी भरपूर झाली.

पडताळणी

थ्रेशोल्ड नॉईजच्या पाचपट असावा असे वर आले आहे. पाचपट का, हे समजून घेतले तर पुढचे अनेक घोळ टळतील.

50 नॅनोसेकंदांच्या शेपरमधून येणारा नॉईज सेकंदाला साधारण तीस लाख वेळा वर-खाली होतो. त्यातला किती भाग थ्रेशोल्ड ओलांडेल हे घातांकी सूत्राने ठरते. तिप्पट थ्रेशोल्डला एका चॅनेलवर सेकंदाला सुमारे 33 हजार खोटे सिग्नल येतात, चौपटीला 1000, पाचपटीला 11, आणि सहापटीला वीस सेकंदांत एखादा. आता 512 चॅनेलनी गुणा. पाचपटीलाही संपूर्ण डिटेक्टर सेकंदाला साडेपाच हजारांच्या वर खोटे सिग्नल देतो, तर 100 चौरस सेंटिमीटरवर समुद्रसपाटीला वैश्विक म्यूऑन सेकंदाला दोनपेक्षाही कमी पडतात. म्हणून व्हीएमएमसारखी स्वतःच ट्रिगर होणारी चिप वापरणार असाल, तर एक तर सहापट थ्रेशोल्डवर जावे, किंवा वर-खाली दोन सिंटिलेटर (कण गेल्यावर चमकणारे डिटेक्टर) ठेवून त्यांचा एकत्र सिग्नल आला तेव्हाचीच माहिती पुढे न्यावी. एपीव्ही-25 बाहेरून येणाऱ्या ट्रिगरवरच चालते, त्यामुळे हा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. प्रत्येक चॅनेलचा थ्रेशोल्ड वेगळा सूक्ष्म-समायोजित करता येतो का हेही पाहावे, कारण चॅनेलांमधला फरक नॉईजइतकाच असला तर सरासरी थ्रेशोल्डला काही अर्थ राहत नाही.

भूसंपर्क

वरील सगळे हिशेब एका गृहीतावर उभे आहेत: नॉईज फक्त ट्रान्झिस्टरचा आहे. डिटेक्टर टेबलावर आल्यावर पहिले काही आठवडे ते कधीच खरे नसते.

सर्वप्रथम, उच्च व्होल्टेज बंद ठेवून सर्व चॅनेलांचा नॉईज चॅनेल क्रमांकानुसार आलेखावर काढा. तो आलेख नीट वाचता आला तर डिटेक्टरबद्दल बरेच काही समजते. निरोगी डिटेक्टरमध्ये रेषा सपाट नसते. मधल्या पट्ट्यांचे माग आखूड आणि कडेच्या पट्ट्यांचे लांब असतील, तर रेषा दोन्ही टोकांना हळूच वर उचललेली दिसते, कारण कपॅसिटन्स वाढला की नॉईज वाढतो. मध्येच एखादे चॅनेल शेजाऱ्यांपेक्षा बरेच खाली, अगदी चिपच्या मोकळ्या नॉईजपर्यंत गेले असेल तर त्यावर खूश होऊ नका. ती पट्टी जोडलेलीच नाही, कुठेतरी कनेक्टरची टाच सुटली आहे. एखादे चॅनेल दुप्पट वर असेल तर दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत का ते पाहा. आणि चिपच्या सर्वच चॅनेलांची पातळी एकदम वर असेल तर तो सामायिक नॉईज आहे: प्रत्येक घटनेत सर्व चॅनेल एकत्र वर-खाली होतात, आणि सर्वांचा मध्यक वजा केला की तो जवळपास नाहीसा होतो.

मग उच्च व्होल्टेज सुरू करून तोच आलेख पुन्हा काढा. आता पातळी वाढली, तर वीजपुरवठ्यातील तरंग शेवटच्या जाळीच्या खालच्या बाजूवरून सर्व पट्ट्यांवर उतरत आहेत. शेषरेषा यांनी सांगितलेला कपॅसिटन्सचा मार्ग हाच. उपाय म्हणजे प्रत्येक रेषेवर रेझिस्टर आणि उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर यांचा फिल्टर, आणि त्या कपॅसिटरचे ग्राउंड फ्रंट-एंड (चिप असलेल्या) बोर्डाच्या ग्राउंडशी रुंद, आखूड तांब्याच्या पट्टीने जोडणे. पातळ लांब तारेने जोडलेले ग्राउंड मेगाहर्ट्झला ग्राउंड उरतच नाही. डिटेक्टरची धातूची पेटी, रीडआउट बोर्ड आणि फ्रंट-एंड यांचा संदर्भ एकच असावा आणि तो डिटेक्टरपाशीच असावा, रॅकमध्ये नव्हे. मध्यक वजा करून सामायिक नॉईज घालवता येतो म्हणून ग्राउंडिंगकडे दुर्लक्ष करण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती सवय मला मनापासून खटकते. स्वतः ट्रिगर होणाऱ्या चिपमध्ये थ्रेशोल्डची तुलना आधीच झालेली असते, त्यानंतर वजाबाकीला वावच राहत नाही.

अर्धवाहक

भूसंपर्क यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. +1.

पडताळणी

कॅलिब्रेशनबद्दल एक सूचना. प्रत्येक चॅनेलला 1 पिकोफॅरडमधून 10 मिलिव्होल्टची पायरी दिली की 10 फेम्टोकूलॉम प्रभार आत जातो, आणि त्यावरून इलेक्ट्रॉनिक्सचा गेन मिळतो. पण हा प्रभार एका क्षणात आत येतो, तर डिटेक्टरचा सिग्नल 70 नॅनोसेकंद चालतो. मंदप्रवाह यांनी सांगितलेला बॅलिस्टिक डेफिसिट या चाचणीत दिसतच नाही. म्हणून लोह-55 स्रोताचे मोजमाप सोबत हवेच. त्याचे 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण आर्गॉनमध्ये सुमारे 225 इलेक्ट्रॉन देतात, आणि 3 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आर्गॉनचे एस्केप शिखरही (ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणाच्या रूपात निसटल्यावर उरणारे) दिसते. एकाच स्रोतातून दोन खुणा मिळाल्यामुळे सरळ रेषा तपासता येते. दोन दिवसांनी शिखर सरकलेले दिसले, तर चिपवर संशय घेण्याआधी हवेचा दाब आणि तापमान पाहा. वायूचा गेन घनतेवर अवलंबून असतो आणि दाबातल्या एका टक्क्याच्या बदलाने तो कित्येक टक्के हलतो. इलेक्ट्रॉनिक्सचा गेन त्या मानाने स्थिर असतो.

अनुनाद (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गटात आज हा धागा एकत्र वाचला आणि क्रम ठरला. गेन 4000 धरून रचना करायची. त्यावरून नॉईजची मर्यादा हजार इलेक्ट्रॉन आली, आणि ती चिपवर नव्हे तर मागांच्या लांबीवर आधी लादायची. पीकिंग टाइम 100 किंवा 200 नॅनोसेकंद निवडता यावा म्हणून व्हीएमएमच्या बाजूने कल आहे, ट्रिगर सिंटिलेटरवरून घ्यायचा, आणि इनपुटवर डायोडसह 20 ओहम ठेवायचे.

एक प्रश्न राहिला. लोह-55 चे क्ष-किरण सिंटिलेटरमधून जाणार नाहीत, त्यामुळे कॅलिब्रेशनच्या वेळी ट्रिगर शेवटच्या जाळीच्या खालच्या बाजूवरूनच घ्यावा लागेल. त्यासाठी प्रीॲम्प स्वतः बनवण्याचा विचार आहे. जोडणारा कपॅसिटर किती ठेवावा?

तिसरीजाळी

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध खेचतात. जाळीचा स्वतःचा कपॅसिटन्स 5 नॅनोफॅरड आहे, त्यामुळे प्रभार तिच्यात आणि तुमच्या कपॅसिटरमध्ये वाटला जातो. 10 नॅनोफॅरड ठेवलात तर दोन तृतीयांश प्रभार प्रीॲम्पला मिळेल, पण शेवटच्या जाळीवर 700 व्होल्ट असताना त्या कपॅसिटरमध्ये जवळपास 2.5 मिलिज्यूल साठतील, आणि ठिणगी पट्टीपर्यंत पोहोचली तर ती सर्व ऊर्जा पट्टीवर उतरेल. जाळीत असलेल्या ऊर्जेच्या ती सहापट आहे. मी 2.2 नॅनोफॅरड सुचवेन. त्यात ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या आसपास राहते आणि प्रभाराचा तीस टक्के वाटा मिळतो. 4000 गेनला लोह-55 चा एकूण प्रभार 9 लाख इलेक्ट्रॉनांचा असेल, म्हणजे प्रीॲम्पपर्यंत 2 लाख 70 हजार येतील. इतक्या मोठ्या इनपुट कपॅसिटन्सवर नॉईज दहा हजारांच्या पटीत जाईल, म्हणून इथला पीकिंग टाइम मायक्रोसेकंदाच्या घरात ठेवा. ट्रिगर उशिरा येतो ही अडचण मात्र हिशेबात धरा, कारण तेवढा वेळ पट्ट्यांची माहिती थांबवून ठेवावी लागेल.

भूसंपर्क

आणि तो कपॅसिटर किमान 2 किलोव्होल्टचा घ्या. कमी व्होल्टेजचा कपॅसिटर लगेच फुटत नाही. आधी त्यातून बारीक गळती सुरू होते, आणि तिचा नॉईज प्रीॲम्पचाच वाटत राहतो.